पलीकडचं टोक

आईला पुढच्या रविवारी घरी सोडणार हे दवाखान्यातून कळलं गुरुवारी, आणि गुरुवारीच घरात दोन तट पडले. तट पडायला या घराला निमित्त लागत नाही, पण या वेळी निमित्तही चांगलं भक्कम होतं. डॉक्टरीणबाईंनी औषधांचा कागद मुलीच्या हातात देताना बजावलं होतं, "खोली कोरडी हवी. त्याच ओल्या खोलीत परत नेलंत तर महिन्याभरात पुन्हा इथंच घेऊन याल, आणि तेव्हा मी अशी हसून बोलेनच असं नाही."

मुलीला लहानपणापासून सगळे फौजदार म्हणत. तिनं घरात शिरताच, चपला काढायच्या आधी, फर्मान काढलं. "आईच्या खोलीतली विटांवर ठोकलेली लाकडी भिंत उघडायची. दहा दिवस हातात आहेत. नाही उघडली, तर आई रविवारी माझ्याकडे येईल."

वडील खुर्चीचा डुगडुगणारा पाय बसवत होते. गल्लीत त्यांना मिस्त्री म्हणतात. सत्तरी ओलांडलेला हा सुतार काटकोन बघायला अजून चष्म्याशिवाय गुण्या लावतो, आणि ते तीन वेळा सांगतो. त्यांनी मान वर केली नाही.

"भिंत उघडायची नाही. हीटर लावू."

"नऊ हिवाळे हीटरच लावतोय, बाबा."

"मग दहावा लावू."

मुलगा धंद्यानं रंगारी, आणि या घरात वडिलांच्या बाजूनं उभं राहायचं काम त्याच्याकडे असतं. "ताई, भिंत उघडून ठेवली आणि वेळेत झाली नाही तर? आईला काय अंगणात झोपवायचं? बुरशी न धरणारा नवा रंग आलाय बाजारात, मी दोन हात मारतो."

"तुझ्या दोन हातांनीच तर ही वेळ आणलीय."

रंगारी गप्प झाला. एरवी तो इतक्या लवकर गप्प होत नाही, पण तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मिस्त्रींना कळत होतं की मुलगी धमकी देत नाही, खरं तेच सांगतेय. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. दम लागणारी बाई तो जिना एकदा चढेल, पण उतरेल कधी? मग ती तिकडचीच होईल. आणि या घरात दोघांसाठी केलेल्या दोन खुर्च्या, दोघांच्या उंचीच्या खुंट्या आणि दोघांचा पलंग उरेल, आणि त्यात एकटे मिस्त्री. हे त्यांच्या मनात आलं, पण तोंडातून निघालं ते असं, "माझी भिंत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मी काकाला फोन केलाय," फौजदार म्हणाली.

हातोडी हवेतच राहिली.

मिस्त्री आणि त्यांचा धाकटा भाऊ अडतीस वर्षं एकमेकांशी सरळ बोललेले नाहीत. भांडण म्हणावं असंही काही नाही; लग्नाकार्यात शेजारी जेवायला बसतात, पण बोलणं तिसऱ्यामार्फत. "त्याला सांग, भाजीत मीठ कमी आहे." "त्याला म्हणावं, मीठ समोरच आहे." धाकट्यानं तिशीच्या आत रंधा आणि करवत खाली ठेवली आणि तो घरांच्या भिंतींत लाकडाऐवजी बसवायचा फोम बनवणाऱ्या कारखान्यात लागला. तिथंच सुपरवायझर झाला, तिथूनच निवृत्त झाला. सुतारांच्या घराण्यात जन्मून फोम! मिस्त्रींनी त्याचं नावच फोमवाला ठेवलं. लोकांना वाटे, थोरल्याला तेच खुपतंय. मिस्त्रींनीही लोकांना तसंच वाटू दिलं.

*

धाकटा शुक्रवारी सकाळी टेम्पो घेऊन आला. टेम्पोत दोन-दोन बोटं जाडीच्या फिकट निळ्या पाट्या रचलेल्या होत्या. तो स्वतः उंबऱ्याबाहेर उभा राहिला, हातात एक पिशवी घेऊन.

"फौजदार, तुझ्या बापाला विचार, आत येऊ का?"

"काका, तुमचाही जन्म याच घराण्यातला, विचारायचं काय त्यात?"

"विचारलेलं बरं. मागच्या वेळी न विचारता बाहेर गेलो होतो."

मिस्त्री आतून म्हणाले, "त्याला सांग, थर्माकोल बाहेरच ठेवायचा."

धाकटा आत आला. त्याच्या मनात एक क्षण आलं की आल्या पावली मागे फिरावं. पण वहिनी त्या खोलीत खोकते हे पुतणीनं फोनवर सांगितल्यापासून त्याचा घास उतरत नव्हता. तो शिकाऊ होता तेव्हा ही वहिनी त्याच्यासाठी रोज भाकरी झाकून ठेवायची, थोरल्याला न सांगता एक जास्तीची. ती जास्तीची भाकरी त्याला अजून आठवत होती.

त्यानं पिशवीतून फोमचा एक ओला तुकडा काढला, विटेएवढा. "हा माझ्या घरच्या पाण्याच्या टाकीत चार वर्षं बुडवून ठेवला होता. वर दगड ठेवून. बायको म्हणायची, निवृत्त झाला आणि डोक्यावर परिणाम झाला. आज सकाळी काढला." त्यानं रंगाऱ्याकडून सुरी घेतली, तुकडा पुसला आणि मधोमध कापला. "हात लाव."

कोणाला म्हणाला ते सगळ्यांना कळलं. मिस्त्री उठले नाहीत. फौजदारनं एक अर्धुक त्यांच्यासमोर धरलं. त्यांचा अंगठा, कोणी न सांगता, लाकडाची ओल पाहायला जातो तसा त्या कापावर गेला.

आत कोरडं ठणठणीत होतं.

"आत बारीक बारीक बंद डब्या आहेत," धाकटा पुतणीकडे बघून सांगत होता, पण जरा मोठ्यानं. "एकीतलं पाणी दुसरीत जात नाही. कुजत नाही, फुगत नाही, वाळवीला खायला काही नाही. विटांवर थेट चिकटवायचा, वरून जिप्समचा बोर्ड, त्यावर रंग. ऊबही आतली आत राहते."

"लाकडाला वास असतो," मिस्त्री म्हणाले. "याला काय आहे?"

"वास तर तुमच्या भिंतीलाही आहे, बाबा," फौजदार म्हणाली. "कुबट."

आता रंगाऱ्यानं वडिलांची बाजू घ्यायची, असा घरचा शिरस्ता. तो उठला, खिडकीपाशी गेला आणि पाठमोरा उभा राहूनच बोलला.

"बाबा, मी त्या भिंतीला नऊ वेळा रंग दिला. दर वेळी काळे डाग खरवडले आणि वर तेलरंग मारला. तुम्ही म्हणालात, दिसायला नको. मला माहीत होतं की तेलरंगानं ओल आणखी कोंडते. चार गावांत रंग देतो मी, मला नाही कळणार? पण तुम्हाला कोण सांगणार? आई खोकायची आणि मी डाग झाकायचो." तो वळला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "उघडू या आता."

मिस्त्रींचा शेवटचा मावळाही फुटला होता. कोणी त्यांच्याकडे जिंकल्याच्या नजरेनं पाहिलं असतं तर ते अडून बसले असते. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, अशातलं हे माणूस. पण कोणीच तसं पाहिलं नाही. ते उठून आईच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

*

चोवीस फळ्या. उत्तरेच्या विटांच्या भिंतीवर आधी लाकडी रिपांचा सांगाडा, त्यावर उभ्या चोवीस फळ्या, आणि सांधे असे की पोस्टकार्ड आत जाणार नाही. मुलगी पोटात असताना, आठव्या महिन्यात, बायकोला थंडी बाधू नये म्हणून केलेली भिंत.

त्यांच्या घराण्यात एक रीत आहे. फळी ठोकण्याआधी तिच्या पाठीवर पेन्सिलीनं तारीख लिहायची आणि पलीकडचं टोक कोणी धरलं त्याचं नाव लिहायचं. मिस्त्रींचे वडील म्हणत, लांब फळी एकट्यानं बसत नाही. ज्यानं टोक धरलं त्याचं नाव राहिलं पाहिजे, कोणाला दिसलं नाही तरी.

तेवीस फळ्यांची टोकं धाकट्यानं धरली होती, आणि प्रत्येक फळीला तो एकच गोष्ट म्हणत होता. "दादा, वर-खाली बोटभर फट ठेव. मागं हवा खेळू दे. विटा थंड आहेत, आत पाणी सुटेल." मिस्त्री प्रत्येक फळीला चढत गेले. मिस्त्रीच्या भिंतीत फट? लोक काय म्हणतील? तेविसाव्या फळीला ते म्हणाले, "टोक धरायची तुझी लायकी, तेवढंच कर." धाकट्यानं ती फळी नीट बसेपर्यंत धरून ठेवली, मग हात झटकले आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या फळीची जागा तेवढी उघडी होती. मिस्त्रींनी तिथून आत हात घातला. विटा ओल्या लागल्या. एका रात्रीत. तेव्हाच त्यांना कळलं. पण तेवीस फळ्या उपसायच्या, धाकट्याच्या दारात जायचं आणि तू म्हणालास ते बरोबर होतं असं म्हणायचं, एवढं त्यांच्यानं झालं नाही. जे तोंडानं झालं नाही ते त्यांनी चोविसाव्या फळीच्या पाठीवर लिहिलं आणि फळी ठोकून टाकली.

म्हणून भिंत उघडायची नव्हती. फोमचा राग नव्हता, लाकडाचं प्रेमही तेवढं नव्हतं. ती फळी निघाली की पोरांसमोर, त्या फोमवाल्यासमोर, अडतीस वर्षांचं उघडं पडणार होतं.

दारावर टकटक झाली. फौजदारनं फोन आत दिला. "आई आहे."

पलीकडून आधी दोन श्वास ऐकू आले, मग बायकोचा बारीक आवाज. "अहो, भाऊजी आलेत म्हणे."

"आलाय."

"मग उघडा ती भिंत."

"तुला नाही माहीत..."

"काय नाही माहीत? शेवटच्या फळीचं टोक मीच धरलं होतं ना? पोट सांभाळत, स्टुलावर उभी राहून. तुम्ही लिहीत होतात तेव्हा मी काय डोळे मिटले होते?"

मिस्त्री पलंगावर बसले. "एवढी वर्षं बोलली नाहीस."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." ती खोकली. खोकला थांबायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ मिस्त्रींनी फोन कानाला घट्ट धरून ठेवला. "मला माझ्या खोलीत यायचंय हो. लेकीकडे नको. उघडा."

*

भिंत मिस्त्रींनी स्वतः उघडली. रंगारी पहार घेऊन पुढं झाला तर त्यांनी हटकलं, "पहार काय? चोर आहोत का आपण?" जंबुरानं एकेक खिळा काढून त्यांनी पहिली फळी सोडवली. तिची पाठ खालून अर्धी काळी पडली होती, बोट लावलं तर खाली भुसा गळत होता. मागच्या रिपा तर हातानंच तुटल्या. खोलीत असा वास सुटला की फौजदारनं नाकाला ओढणी लावली. याच भिंतीला लागून आई झोपत होती.

पण नावं वरच्या टोकाला होती, आणि पेन्सिलीचं लिहिलेलं ओलीतही टिकतं. फौजदार एकेक फळी घेऊन वाचत गेली. "टोक, धाकटा." दुसरी. "टोक, धाकटा." तिसरी. सातव्या फळीला तिचा आवाज हळू झाला. धाकटा दाराला टेकून ऐकत होता. त्याला वाटलं होतं, थोरल्यानं आपलं नाव लिहिलं नसेल. भांडणानंतर तर पुसलंच असेल. तेवीस वेळा ते नाव वाचलं गेलं आणि तेवीस वेळा त्याला ते खरं वाटलं नाही.

चोविसावी फळी निघाली. फौजदारनं ती पालथी केली, वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. तिनं ती फळी उचलून काकाच्या हातात दिली.

टोक, ही. त्याखाली: फट ठेवायला हवी होती. धाकटा सांगत होता. माझीच चूक.

धाकट्यानं ते वाचलं, फळी हळूच भिंतीला टेकवली आणि तो मागच्या नळावर जाऊन तोंड धुऊन आला. बराच वेळ धूत होता. मिस्त्री पाठमोरे, मोकळ्या विटांकडे बघत उभे होते, आणि त्यांचे खांदे एकदम म्हातारे दिसत होते.

"अक्षर तेव्हाही घाणच होतं तुझं," धाकटा म्हणाला.

अडतीस वर्षांत हे पहिलं वाक्य सरळ होतं.

"शिकवणाऱ्यानं रंध्यानं मारून शिकवलं," मिस्त्री म्हणाले. "तुझं तरी कुठं मोठं चांगलं आहे?"

रंगारी आधी हसला, मग फौजदार हसली, आणि मग कोणीतरी चहा ठेवायला गेलं.

*

पाच दिवस गरम हवेचा पंखा लावून विटा वाळवल्या. रंगाऱ्यानं बाहेरून गिलाव्याच्या भेगा भरल्या, पूर्वीसारख्या झाकल्या नाहीत, खरवडून भरल्या. धाकटा रोज येऊन विटांना तळहात लावायचा आणि "अजून नाही" म्हणायचा. बुधवारी तो "आता" म्हणाला.

गुरुवारी फोम लावायला घेतला, आणि खरी गंमत तेव्हा झाली. फोम बनवणं वेगळं आणि बसवणं वेगळं. धाकट्यानं जन्मभर पाट्या मोजल्या, तपासल्या, गाडीत भरल्या. भिंतीवर चढवल्या नव्हत्या. त्याची पहिली पाटी वाकडी कापली गेली. दुसरी तिच्या शेजारी लावली तर मधून उजेड दिसला.

मिस्त्रींनी दहा मिनिटं दम धरला. त्यांच्या मानानं तो पुष्कळ झाला. "हा सांधा आहे का? यातून मांजर जाईल."

"तेच तर," धाकटा घाम पुसत म्हणाला. "याला फट चालत नाही, दादा. लाकूड श्वास घेतं, त्याला फट लागते. हा घेत नाही. केसाएवढी जागा राहिली तर तिथून आतली दमट हवा मागे जाईल आणि विटांवर पाणी धरेल. सांधा असा हवा की..." तो थांबला.

"की पोस्टकार्ड जाणार नाही," फौजदार म्हणाली.

ज्या हातानं ती भिंत कुजवली, नेमका तोच हात या भिंतीला हवा होता. मिस्त्रींनी धाकट्याच्या हातातून करवत काढून घेतली, तिचे दात पाहिले, नाक मुरडलं आणि आपली बारीक दातांची करवत आणली. गुण्या लावला, रेघ मारली, कापलं. कापाच्या कडेवर अंगठा फिरवला. "लोण्यासारखं कापतंय," ते नाखुशीनं म्हणाले. पण नाखुशी पहिल्या तीन पाट्यांपुरतीच टिकली. चौथ्या पाटीला ते शीळ घालत होते.

पाचवी पाटी पूर्ण उंचीची होती, जमिनीपासून छतापर्यंत. मिस्त्रींनी ती एका हातावर उचलली. उशीएवढंही वजन नव्हतं तिला. मग ती भिंतीपाशी धरून ते म्हणाले, "टोक धर."

"याला टोक धरायला लागत नाही, दादा. एकटा माणूस..."

"मला कळतंय."

"मग?"

"धर म्हणतोय ना."

धाकट्यानं टोक धरलं. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून पाटीच्या पाठीवर टेकवली तर ती फोममध्ये घुसली. रंगाऱ्यानं घाईघाईनं आपलं जाड मार्कर पुढं केलं. मिस्त्रींनी तारीख लिहिली, नाव लिहिलं, जरा विचार केला, आणखी एक ओळ लिहिली आणि कोणी वाचायच्या आत पाटी विटांवर दाबून बसवली.

रविवारी दुपारी आई आली. लेकीच्या हाताला धरून खोलीत गेली, पलंगावर टेकली आणि चपला काढायच्या आधी तिनं तळहात भिंतीवर ठेवला. नवा पांढरा रंग, खाली ऊब. ती तशीच बसून राहिली. सगळे जण तिच्या खोकल्याची वाट पाहत होते. तो आला नाही.

"कोरडी आहे," ती म्हणाली. "भाऊजी, तुमचे उपकार कसे..."

"वहिनी, तुमच्या जास्तीच्या भाकरीचे अजून फिटले नाहीत."

"कुठली भाकरी?" मिस्त्रींनी विचारलं.

आईनं नवऱ्याकडे पाहिलं. "आणि मागे काय लिहिलंय या वेळी?"

मिस्त्री खिडकीची कडी नीट करू लागले. ती नीटच होती. "भिंत उघडल्यावर कळेल."

"ही आता कुजत नाही म्हणतात. मग कळणार कधी? आणि तो काय भिंतीच्या आत राहतो? इथं बाहेर बसलाय. तोंडानं सांगा."

धाकटा कपातल्या चहाकडे बघत होता. मिस्त्रींनी कडी सोडली.

"लिहिलंय," ते म्हणाले, आणि घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "लिहिलंय की गरज नव्हती, तरी यानं टोक धरलं. आधीही यानंच धरलं होतं. हा होता म्हणून घर उभं आहे."

"फौजदार, तुझ्या बापाला सांग..." धाकटा सवयीनं म्हणाला आणि अडखळला. त्यानं कप खाली ठेवला. मग तो भावाकडे वळला.

"दादा, पुढच्या आठवड्यातही मी मोकळाच आहे. स्वयंपाकघराची भिंतही उत्तरेचीच आहे."

मिस्त्रींनी खिशातून मापाचा टेप काढला आणि त्याचं एक टोक धाकट्याच्या हातात दिलं.